हुनर, नशीब आणि मैसिर

खिळे ठोकलेल्या फळीवर गोळी सोडण्याचा बगाटेल ज्यांनी खेळला आहे, त्यांना पिनबॉल समजायला वेळ लागत नाही. उतरती फळी, वर काच, आत पोलादी गोळी. १९७०च्या दशकापर्यंतच्या यंत्रांत रिले, विद्युतचुंबक आणि खडखडत फिरणारी आकड्यांची चाके असत. दर्शनी काचेवर अनेकदा बेसबॉल किंवा बिलियर्डचे चित्र. चित्र खेळाचे, पण आतला मामला हुनराचा की नशिबाचा?

न्यूयॉर्कने १९४२ मध्ये त्याला जुगार ठरवले. महापौर ला ग्वार्डियांनी यंत्रे हातोड्याने फोडवली. गोळी परतवणारे फ्लिपर तेव्हा नव्हतेच, ते १९४७ मध्ये आले. १९७६ मध्ये रॉजर शार्प यांनी गोळी कुठून जाईल हे आधी सांगून नगर परिषदेसमोर तशीच मारून दाखवली. बंदी उठली. (तो फटका नशिबानेच जमला, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले!)

हा वाद आपल्याला परका नाही. नांदेड-लातूर ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या जुगार कायद्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले होते. त्याच कायद्यावरून १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्य अधिक असल्याचे सांगितले. पण पैजेच्या खेळातून क्लबचा मालक नफा कमावत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो, असेही त्याच निकालात आहे. हे दुसरे वाक्य सोयीस्करपणे विसरले गेले.

कुरआनात जुगाराला 'मैसिर' म्हटले आहे. शब्दाचे मूळ सहजतेत, म्हणजे आयते मिळण्यात. त्यात लोकांचा काही फायदा आहे हे तिथे नाकारलेले नाही, पण गुनाह त्याहून मोठा सांगितला आहे. खेळणाऱ्याचा हात किती तयार, हा सवालच तिथे नाही. आणि खरेच, नवख्या पोराचे पैसे पत्त्यांतल्या उस्तादाने जिंकले, तर हुनरामुळे ते हलाल कसे होतील? नशिबाच्या खेळात निदान दोघे सारखेच आंधळे असतात.

पिनबॉलवर हुनर दाखवणाऱ्या पोराला फार तर आणखी एक डाव फुकट मिळे. मोबाइलवरची रमी मात्र 'कौशल्याचा खेळ' म्हणूनच विकली गेली. सोयाबीन विकून बापाने लातूरला पाठवलेली शिकवणीची फी त्यात गेली, तर त्या बापाला कौशल्याचा कायदा कोण समजावणार? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा कौशल्य आणि नशीब हा भेदच त्यातून काढून टाकला.