सभापतींच्या घरात डोकावताना

२०१५ साली अमीर ओहाना यांनी कनेसेटमध्ये पहिले भाषण केले, तेव्हा काही हरेदी सभासद उठून बाहेर गेले. ओहाना समलिंगी, आणि ते उघड सांगणारे. पुढे २९ डिसेंबर २०२२ रोजी हेच ओहाना सभापती झाले, तेही हरेदी पक्षांच्या साथीने उभ्या राहिलेल्या बहुमतावर!

तोरा काय सांगते हे आम्हांस ठाऊक आहे. पण शब्बाथ न पाळणारे मंत्रीही या देशाने कितीतरी पाहिले. त्यांना मते देताना आपण त्यांचे कामच पाहिले ना?

आपल्या समाजाने तरी हे विसरू नये. बासष्टच्या सुमारास आपल्या मुलामुलींच्या लग्नाआधी आजीपणजीच्या कुळाची चौकशी होत असे. १९६४ साली कनेसेटने आपण सर्व बाबतींत यहुदी असल्याचे जाहीर केले, तोवर आपल्या माणसांनी किती सोसले! दोन्ही प्रकरणे सारखी नव्हेत, मान्य. तरी कामाआधी कोणी घरात डोकावले की कसे वाटते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

ओहाना २०१९ साली न्यायमंत्री असताना न्यायालयांविषयी जे बोलले, ते आमच्यातल्या कित्येकांना मुळीच पटले नाही. त्यावर खुशाल भांडावे.