दोन झाकणं

पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीच्या टाकीचं झाकण पेचकस न लावता नुसत्या हाताने उघडता येतं, हे मला मनापासून आवडतं. ही आवड एकदा नीट तपासून पाहावी, असं बरेच दिवस मनात आहे. सोय आवडण्यात वावगं काही नाही. पण त्या सोयीने वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो आणि सोपं झालेलं काम मी किती लक्ष देऊन करतो, करवून घेतो, हे स्वतःला विचारल्याशिवाय ती आवड निर्मळ आहे असं मला म्हणवत नाही.

आमची हापूसची बाग रत्नागिरीच्या किनारपट्टीतली, जुनी. कलमं उंच वाढली, फांद्या एकमेकींत घुसल्या, आत ऊन पोचेना. अशा बागांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुनरुज्जीवनाची छाटणी सांगितली आहे. पाऊस संपला की जाड फांद्या ठरावीक उंचीवर कापायच्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, खोडकिड्यावर नजर ठेवायची. हे काम कोयत्याचं नाही. त्यासाठी करवत लागते, आणि आमच्याकडे सगळे तिला ‘कटर’ म्हणतात. कटर माझा आहे, पण चालवतो दुसरा. शेजारच्या वाडीतला एक तरुण दरवर्षी येतो. यंत्र विकत घेणारा एक आणि हातात धरणारा दुसरा, यातच माझ्या या चिंतनाचं मूळ आहे.

जुन्या करवतींच्या झाकणाला आटे असत आणि वर एक आडवी खाच. एका टोकाला पाना आणि दुसऱ्या टोकाला पेचकस असलेलं हत्यार यंत्राबरोबर मिळे. त्याचं टोक खाचेत घालून झाकण पिळायचं. ते हत्यार पाचोळ्यात पडलं की शोधताना तारांबळ उडे. घट्ट पिळलेलं झाकण हाताने हलत नसे, सैल पिळलेलं झिरपत असे, आणि वारंवार पिळून खाचेच्या कडा झिजत. नव्या झाकणाला वर एक कडी असते. ती उभी करायची, पाव फेरा डावीकडे फिरवायचं, झाकण सुटतं. आतल्या दोरीमुळे ते टाकीलाच लटकत राहतं, मातीत पडत नाही. लावताना झाकणावरची आणि टाकीवरची खूण जुळवायची, दाबून उजवीकडे फिरवायचं, बसल्याचं बोटांना कळतं, मग कडी आडवी करायची. कडी झाकणाच्या पातळीत चपखल बसली तरच ते लागलं असं समजायचं. श्टील, हुस्क्वार्ना अशा कंपन्यांच्या कितीतरी यंत्रांवर आज या धाटणीची झाकणं आहेत.

यामागे कुणीतरी माणसाच्या बोटांचा विचार केला आहे, याबद्दल मला आदर वाटतो. जाड हातमोजे न काढता ते उघडतं. दिवसभर यंत्राच्या थरथरीने बोटं बधिर झालेली असतात, पेचकस धरवत नाही, तेव्हाही उघडतं. 1920 च्या दशकात आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत झाडं कापायची पहिली यंत्रं बनवली, तेव्हा ती उचलायलाच दोन माणसं लागत. तिथपासून एका माणसाच्या हातात मावणाऱ्या, थरथर शोषणाऱ्या, साखळीला ब्रेक असणाऱ्या करवतीपर्यंतचा प्रवास हा वापरणाऱ्याच्या शरीराची कदर वाढत गेल्याचा प्रवास आहे. झाकण हा त्यातला छोटासा टप्पा, पण खरा.

आता पहिल्या झाकणाकडे येतो, पेट्रोलच्या. तासभर चाललेल्या यंत्राचा सायलेन्सर शेकडो अंश तापलेला असतो. शेजारची टाकीही तापते, आत वाफ कोंडते. अशा वेळी झाकण एकदम काढलं तर पेट्रोल कारंज्यासारखं उसळून अंगावर येऊ शकतं. अमेरिकेत वणवे विझवणाऱ्या दलांमध्ये अशा घटनांची नोंद ठेवली जाते. त्यात माणसं भाजली आहेत. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग कोकणातल्या ऑक्टोबरच्या उन्हात काय सांगावं? आट्यांचं झाकण हळूहळू सैल होई, फुस्स आवाज करत वाफ आधी निघून जाई. पाव फेऱ्याचं झाकण घाईच्या हातात एका हिसक्यात मोकळं होतं. म्हणून यंत्र थंड होऊ द्यायचं, झाकण सावकाश फिरवायचं, भोवतीचा भुसा आधी पुसायचा, भरून झाल्यावर त्या जागेपासून निदान तीन मीटर दूर जाऊन मगच यंत्र सुरू करायचं. हे सगळं माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं.

पूर्वी हत्यार शोधण्यात, खाचेतला भुसा कोरण्यात काही मिनिटं जात आणि तेवढ्यात यंत्र आपोआप निवत असे. ती मिनिटं कुणी सुरक्षेसाठी ठेवलेली नव्हती, ती गैरसोयीने दिलेली होती. गैरसोय गेली, तिच्याबरोबर ती मिनिटंही गेली. आता थांबायचं तर ठरवून थांबावं लागतं. यंत्र आपल्याला थांबवत नाही, तेव्हा थांबण्याची जबाबदारी माणसाच्या मनावर येते. माझ्या बागेत ती कुणाच्या मनावर येते? ज्याच्या हातात करवत आहे त्याच्या, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. पण त्याला घाई कशाची असते, हे पाहिल्यावर ते धरून चालणं मला टिकवता येईना.

त्याला घाई असते कारण काम उक्तं असतं. झाडामागे इतके पैसे, असं ठरलेलं. जितकी झाडं जास्त तितकी कमाई. उक्त्या कामात थांबलेला वेळ कापणाऱ्याच्या खिशातून जातो. मी झाडाखाली उभा राहून ‘अरे, जरा थंड होऊ दे’ म्हणतो, तेव्हा मला चांगलं वाटतं, काळजी घेतल्यासारखं वाटतं. पण ती काळजी त्याच्या पैशांवर घेतलेली असते. सल्ला माझा, नुकसान त्याचं. मी तळमळीने बोलतो यात खोटं नाही, पण ज्या तळमळीची किंमत दुसरा मोजतो ती किती खरी मानायची, हे मला स्वतःला विचारावंच लागतं.

हेच हातमोजे, डोळ्यांवरची जाळी, कानांवरचं आवरण, मांड्यांवर बांधायचं जाड संरक्षक कापड यांच्या बाबतीत. सेकंदाला 20 मीटरच्या आसपास धावणाऱ्या साखळीपुढे पायातली साधी पँट काय टिकणार? करवत माझी आहे, तर हे सामानही माझ्याच पैशांतून यायला हवं. इथे विचार करायला फारसं काही उरत नाही.

दुसरं झाकण तेलाचं. त्यावर थेंबाचं चित्र असतं, पेट्रोलवर पंपाचं. साखळी पट्टीवरून सरकताना झिजू नये म्हणून हे तेल पंपाने सतत तिच्यावर सोडलं जातं. ते परत टाकीत येत नाही. साखळीवरून उडतं, भुशात मिसळतं, बुंध्याशी पडतं. म्हणजे टाकीत घातलेला प्रत्येक थेंब शेवटी जमिनीत जायचा आहे, हे झाकण लावतानाच ठरलेलं असतं. मध्यम करवतीत पेट्रोल साधारण अर्धा लिटर मावतं आणि तेल त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन्ही टाक्या सोबतच संपत येतील अशी मांडणी असते, म्हणून पेट्रोल भरताना तेलही भरायचं हा नियम. दिवसात पाच टाक्या चालल्या तर लिटरभर तेल बागेत पडलं. ज्या कलमांना मी शेणखत घालतो, ज्यांच्या आळ्यात तण मारायचं औषध पडू देत नाही, त्यांच्याच मुळांशी.

आमच्या भागात या टाकीत सर्रास जळकं ऑइल घालतात. गॅरेजमध्ये गाडीचं काढलेलं काळं तेल जवळजवळ फुकट मिळतं. इंजिनात फिरून त्यात धातूंचे कण आलेले असतात, जळण्यातून तयार झालेली घातक रसायनं आलेली असतात. ते हाताला लागू नये इतकं वाईट, मातीत जाऊ नये इतकं तर नक्कीच. आमच्या करवतीत ते जात नाही. मी हे लोकांना थोड्या अभिमानानेच सांगतो. पण आत डोकावलं की दिसतं, ते न घालण्याचं पहिलं कारण जमीन नव्हतं. जळक्या तेलाने तेलाचा पंप तुंबतो, पट्टी लवकर झिजते, असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि पट्टी महाग असते. जमिनीचं कारण मी नंतर जोडलं, आणि जोडता जोडता तेच पहिलं होतं असं मलाही वाटू लागलं. कृती बरोबर असली तरी कारण उसनं असेल, तर ती कृती किती दिवस टिकेल? उद्या पट्टीला काही न करणारं पण मातीला मारणारं एखादं स्वस्त तेल बाजारात आलं तर मी काय करीन? या प्रश्नाचं उत्तर मला तत्काळ देता येत नाही, आणि ते देता येईपर्यंत अभिमान बाजूला ठेवलेला बरा.

नवं डबाबंद चेन ऑइलही बहुतेक खनिज तेलच असतं, फक्त स्वच्छ आणि साखळीला धरून राहणारं. युरोपात मोहरीच्या जातीतल्या रेपसीडपासून केलेली, मातीत कुजून जाणारी तेलं बरीच वर्षं वापरात आहेत. ऑस्ट्रियाने तर 1990 च्या दशकातच करवतींसाठी खनिज तेलावर बंदी घातली. तिथे हा प्रश्न कायद्याने सोडवला. आमच्याकडे तो सोडवायला कुणी येणार नाही, म्हणून तो माझ्याकडेच आहे. वनस्पती तेलांचा त्रासही आहे: यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिलं तर हे तेल घट्ट होऊन साखळी पट्टीला चिकटवतं. म्हणजे हंगाम संपला की टाकी रिकामी करून, साखळी काढून, पट्टीची खाच साफ करून ठेवावी लागणार. तेल जास्त महाग, वर हे कामही. झाकण सोपं झालं म्हणून आनंदलेल्या मला हे काम जड वाटतं, आणि जड वाटतं एवढ्यासाठी मी ते टाळू पाहतो, हे मी लपवत नाही.

तिसरीही एक गोष्ट पेट्रोलच्या झाकणाशी निगडित आहे, थोडक्यात सांगतो. आपल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. करवतींची बरीच माहितीपुस्तकं 10 टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि कोकणच्या हवेत ओल कमी नसते; शिवाय रबर आणि प्लॅस्टिकवर त्याचा परिणाम होतो. अमेरिकेत इंधनातल्या इथेनॉलसारख्या घटकांमुळे अशीच हाताने उघडायची झाकणं वाकडी होऊन गळू शकतात, हे दिसल्यावर एका मोठ्या कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती. म्हणून झाकण बसल्याचं बोटांना कळलं, एवढ्यावर भागत नाही. वायसर पाहायला हवा, फुगला किंवा कडक झाला असेल तर बदलायला हवा, लिटरला 20 मिलिलिटर टू-टी ऑइल घालून केलेलं मिश्रण उरलं तर पुढच्या हंगामापर्यंत टाकीत ठेवायचं नाही. कधी झाकणाचा खालचा भाग वरच्या भागाशी सरकलेला असतो आणि खुणा जुळूनही ते लागत नाही. तेव्हा डावीकडे फिरवून तो आधी जागेवर आणावा लागतो. ज्याला हे कुणी दाखवलं नाही तो जोर लावतो, कडी मोडतो किंवा अर्धवट लागलेल्या झाकणानिशी करवत खांद्याच्या उंचीवर धरतो. हे दाखवणं माझं काम आहे, कारण पुस्तिका माझ्या कपाटात आहे.

यंदा छाटणीच्या आधी मी त्या तरुणाला विचारलं, ‘रोजावर येशील का? झाडाचं राहू दे.’ थांबण्याचा वेळ माझ्या हिशेबात यावा, हा माझा विचार. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘काका, रोजावर मला परवडत नाही. उक्त्यात चार पैसे सुटतात.’ त्याचं बरोबर होतं. मी जो रोज मनात धरला होता तो गावात चालतो तो, आणि करवत चालवणारा माणूस उक्त्यात त्याहून कितीतरी जास्त कमावतो. सावकाश काम कर असं म्हणणं आणि सावकाश कामाचा दाम कमी धरणं, ही दोन्ही माझ्याच मनात शेजारी शेजारी बसलेली होती, आणि तो बोलेपर्यंत मला ती वेगळी दिसलीच नव्हती.

आम्ही पुन्हा बसणार आहोत. त्याच्या उक्त्याच्या चांगल्या दिवसाइतका रोज, मांड्यांचं कापड आणि जाळीचं शिरस्त्राण माझ्याकडून, आणि टाकी भरताना यंत्र निवेपर्यंतचा वेळ कामाचाच वेळ, असं मी कागदावर मांडलं आहे. रेपसीडसारख्या तेलाची चौकशीही एका दुकानात करून ठेवली आहे. यात छाटणीचा खर्च बराच वाढतो, आणि पुनरुज्जीवन केलेली कलमं पुन्हा धरायला काही हंगाम जातात, तोवर ती बाग देणार काही नाही. बेरीज मी पुन्हा पुन्हा करून पाहिली. दरवेळी पेन्सिल तेलाच्या ओळीवर येऊन थांबते, कारण तिथे काटछाट केली तर बोलायला समोर कुणी नाही.