जकात

जकात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नाका उभा राहतो. मुंबईचे नाके २०१७ साली बंद झाले. शब्द मात्र फार जुना. अरबीत त्यात शुद्धी आणि वाढ असे दोन्ही अर्थ आहेत.

दिवाळीत दाराशी आलेल्याच्या ओंजळीत फराळ घालताना आपल्याला समाधान वाटते. त्यात थोडा अहंकारही असतो, हे आपण सहसा कबूल करीत नाही. मग देणे हा उपकार, की फेड?

इस्लामचे उत्तर रोखठोक आहे. श्रद्धेची साक्ष, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि हज हे त्याचे पाच आधारस्तंभ. ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती एक चांद्रवर्ष जवळ राहिली, की रोकड व सोन्याचांदीचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, द्यावयाचा. तो घेणाऱ्यांचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. त्यांत गरीब, कर्जात बुडालेले आणि वाटसरूही आहेत. संपत्ती मुळात ईश्वराची, माणूस केवळ विश्वस्त. म्हणून तो भाग गरिबाचा हक्कच होय.

कोणी म्हणेल, सक्तीच्या दानात पुण्य कसले? शंका रास्त आहे. म्हणूनच स्वेच्छेच्या दानाला, 'सदक्या'ला, तेथे वेगळे स्थान आहे आणि तो गुप्तपणे देणे अधिक चांगले मानले आहे. पण आधी देणे फेडावे, मग औदार्याची भाषा बोलावी.

यंदा ओंजळीत करंजी ठेवताना घेणाऱ्याची मान खाली गेली नाही, तर सण खरोखर गोड झाला म्हणावयाचे.