मताला लागणारा वेळ

सूर्यकुमार यादवबद्दल ट्रॉम्बेकरांना मत उसनं घ्यायची गरज पडू नये. तो अणुशक्तीनगरच्या वसाहतीत वाढला. वडील अशोककुमार यादव भाभा अणुसंशोधन केंद्रात अभियंता, कुटुंब मूळचं उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरकडचं, मुलाची शाळा अणुऊर्जा केंद्रीय विद्यालय आणि क्रिकेटचे सुरुवातीचे धडे वसाहतीतल्याच शिबिरातले. खांद्यावर किट घेऊन निघालेला हा मुलगा पाहिलेली माणसं आजही इथे राहतात. त्याच्याविषयीची अशी जवळून मिळालेली माहिती देशात फार थोड्या ठिकाणी असेल. आणि तरीही १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री, अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना आपण हरलो तेव्हा, आमच्या इमारतीच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल जे येत होतं ते लखनौच्या नाहीतर बंगळूरच्या कुठल्याही ग्रुपवर चालून गेलं असतं. एकाही संदेशात ट्रॉम्बे नव्हतं.

मला खुपतं ते हे. टीका झाली याचं वाईट वाटत नाही, ती व्हायलाच हवी होती. छत्तिसाव्या षटकात जडेजा बाद झाला तेव्हा धावफलक ५ बाद १७८ होता. सूर्या आला तो अशा वेळी. खेळपट्टी संथ झाली होती आणि ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज चेंडूचा वेग काढून घेऊन आखूड टप्पा टाकत होते. सूर्याच्या बॅटला लागतो वेग. समोरून तो मिळेना आणि स्वतः काढायला जमेना, अशा अवस्थेत त्याने २८ चेंडूंत १८ धावा केल्या. तळाचे फलंदाज सोबत असताना त्याने स्ट्राइक स्वतःकडे ठेवायला हवी होती, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तिन्ही एकदिवसीय सामन्यांत तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता. पन्नास षटकांचा खेळ त्याचा नव्हेच, असं कुणी म्हणालं तर त्या म्हणण्यालाही आधार आहे. यावर तास-दोन तास बोलता येईल. पण बोललं कोण? फोनवर आलेलं पुढे सरकवणं याला मी बोलणं म्हणत नाही.

आता त्याच्या त्या फटक्याकडे पाहा, ज्याला टेनिस आणि रबरी चेंडूवर खेळणारी पोरं सुपला म्हणतात. गोलंदाज धावत येतो तेव्हा सूर्या ऑफ यष्टीच्या बाहेर सरकतो, मागचा गुडघा जवळजवळ जमिनीला टेकतो आणि यष्टीवर येणारा चेंडू मनगटाने उचलून फाइन लेगवरून मागे टाकतो. शरीराचा तोल इतका जातो की कित्येकदा फटका मारून तो आडवाच पडतो. टीव्हीवर ही जादू वाटते. चीता कॅम्पात, म्हणजे १९७६ मध्ये जनता कॉलनी उठवून लोकांना जिथे आणून बसवलं त्या वस्तीत, गल्लीतल्या मुलाला विचारा. तो सांगेल की समोर मारलं तर चेंडू कुणाच्या तरी पत्र्यावर जातो आणि खेळ बंद पडतो, म्हणून मागे उचलायचं. सिमेंटच्या पट्टीवर ओला रबरी चेंडू छातीपर्यंत उसळतो, तेव्हा मनगट वळवायला शिकावंच लागतं. सूर्यानेही आपले हे फटके रबरी चेंडू आणि सिमेंटच्या खेळपट्टीतून आल्याचं मुलाखतींत सांगितलं आहे. त्या मुलाचं मत त्याच्या मनगटातून आलेलं असतं. पण संध्याकाळी तोच मुलगा फोन उघडतो आणि त्याच्याच वयाच्या कुणीतरी दुसऱ्या शहरात बनवलेलं रील पाहून सूर्याला फुकटचा खेळाडू म्हणतो, तेव्हा त्याने स्वतःकडचं सोनं ठेवून दुसऱ्याचं पितळ उचललेलं असतं.

अहमदाबादनंतर चारच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, विशाखापट्टणमला ट्वेंटी-२० सामन्यात याच सूर्याने कर्णधार म्हणून ४२ चेंडूंत ८० धावा केल्या आणि आपण २०९ धावांचं लक्ष्य गाठलं. ग्रुपवर पुन्हा हार-तुरे. मग आला २९ जून २०२४, ब्रिजटाउन. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या, हार्दिक पांड्याचा पहिलाच चेंडू फुल टॉस, डेव्हिड मिलरने लाँग ऑफकडे उंच मारलेला. सूर्याने सीमारेषेवर तो पकडला, पाय रेषेबाहेर जाणार हे कळताच हवेत सोडला आणि परत मैदानात येऊन पुन्हा घेतला. डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट. मी तरी आयुष्यात याहून मोठा झेल पाहिलेला नाही. आणि त्या रात्रीपासूनच लोक फोनवर ते दृश्य थांबवून, बोटांनी मोठं करून, सीमारेषेची गादी आधी सरकलेली होती का, बूट लागला का, हे शोधू लागले. तिसऱ्या पंचाने बाद दिलं होतं, सामना संपला होता. तरी आमच्याकडचे काही जण आठवडाभर त्या गोठवलेल्या चित्रावर भांडत होते. या वादात क्रिकेट फार थोडं होतं.

वानखेडेचीही तीच गत. मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिकला कर्णधार केलं म्हणून १ एप्रिल २०२४ ला त्याच्या घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली. ४ जुलैला विश्वचषक घेऊन संघ तिथेच आला तेव्हा हार्दिकच्या नावाने तेच मैदान दुमदुमलं. रोहितच्या बाजूने बोलण्यात गैर काहीच नव्हतं. बोरिवलीत वाढलेल्या या माणसाने मुंबईला पाच आयपीएल जिंकून दिल्या होत्या. पण तीन महिन्यांत इतकं टोकापासून टोकाला जायचं तर मधे विचार करून मत बदलावं लागतं, कारण सांगावं लागतं. तसं कारण मला कुणाकडूनच ऐकायला मिळालं नाही.

इथे कुणी म्हणेल, लोक आधीही असेच होते. खरं आहे, आणि हे उदाहरण मराठी माणसाने विसरू नये. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे जाऊन मालिका जिंकल्या तेव्हा मुंबईने त्यांना डोक्यावर घेतलं. इंदूरमध्ये तर त्या विजयाची आठवण म्हणून भलीमोठी काँक्रीटची बॅट उभारली गेली. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात आपण तिन्ही कसोट्या हरलो, लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झालो, आणि याच मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरची ती बॅटही लोकांनी विद्रूप केली. वाडेकर त्यानंतर कसोटी खेळले नाहीत. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. क्रूरपणा मोबाइलने आणला, असं म्हणणारा माणूस इतिहास विसरलेला आहे.

मग फरक कुठे पडला? दगड मारणाऱ्याला त्या घरापर्यंत जावं लागत होतं. तो मोजक्या लोकांपैकी एक होता, आणि बाकीचे लाखो जण घरी बसून, सकाळचा पेपर वाचून, संताप गिळून कामाला जात होते. कामावर, बसच्या रांगेत, मानखुर्दहून सुटणाऱ्या गाडीत त्यांचा संताप दुसऱ्या माणसासमोर यायचा. तो दुसरा विचारायचा, ‘अरे, त्या पावसाळी हवेत चेंडू किती वळत होता ठाऊक आहे का?’ बाळ ज. पंडितांचं धावतं समालोचन रेडिओवर ऐकलेल्यांनी सामना स्वतःच्या डोक्यात रचलेला असे, आणि रचताना प्रत्येकाचा सामना थोडा वेगळा होई. म्हणून वाद होत. वादात हरणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत उभा राही, त्यामुळे जीभ जरा जपून चाले. ग्रुपवर असं उलट विचारणारा निघतो क्वचितच. निघाला तरी तोवर वीस संदेश वर सरकून गेलेले असतात.

ट्रॉम्बेत राहून मला आणखी एक गोष्ट दिसते. भाभा अणुसंशोधन केंद्रात बाहेरून येणाऱ्याला सुरक्षेसाठी फोन फाटकावर ठेवूनच आत जावं लागतं. आंतरराष्ट्रीय सामन्यात भ्रष्टाचारविरोधी नियमांमुळे खेळाडूंनाही ड्रेसिंग रूममध्ये फोन नेता येत नाही. म्हणजे चेंडू ज्याच्याकडे उडत येतो तो माणूस फोनपासून दूर, आणि सोफ्यावर बसलेल्या आपल्याला तो एका षटकापुरताही बाजूला ठेवता येत नाही. नजर मैदानावरून फोनवर, फोनवरून मैदानावर. झेल उडालेला असताना त्याच्यावरचा विनोद आपल्यापर्यंत पोचलेला असतो. पाहणं पुरं व्हायच्या आधी मत हातात पडतं, आणि एकदा ते पडलं की पुढचं पाहणं त्या मताच्या सोयीने होतं.

फोन फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. तो आला नसता तर उपनगरांतली कितीतरी मुलं निवड चाचणीच्या तारखेलाच मुकली असती. वसाहतीतले निवृत्त आईवडील अमेरिकेतल्या मुलाबरोबर एकेक चेंडू बोलत सामना पाहतात, ते याच यंत्रामुळे. २ नोव्हेंबर २०२५ ला खाडीपलीकडे नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तो आनंद घराघरांत फोननेच पोचवला. पण त्या आनंदाआधी, ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाला हरवल्यावर, भांडुपची जेमिमा रॉड्रिग्ज रडत रडत आपल्या मनावरच्या ताणाबद्दल बोलली होती. वर्षभरापूर्वी याच फोनांवर तिच्यावर आणि तिच्या घरच्यांवर काय काय लिहिलं गेलं ते सोयीस्करपणे विसरून आपण तो व्हिडिओही पुढे पाठवला.

आणि विनोद कांबळी. ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथे खुर्चीत बसलेला विनोद सचिनचा हात धरून ठेवतो, हे काही सेकंदांचं दृश्य देशभर फिरलं. त्यावरून लोकांनी चाळीस वर्षांच्या मैत्रीचा निकाल लावला. सचिनने काय करायला हवं होतं, विनोदने काय करायला नको होतं, सगळं ठरलं. त्यानंतर काही दिवसांत विनोदला ठाणे जिल्ह्यातल्या रुग्णालयात दाखल करावं लागलं, तर त्याचेही व्हिडिओ निघाले. आजारी माणसाच्या खाटेशी कॅमेरा नेणं मला असह्य वाटतं, आणि ते व्हिडिओ पाहणं थांबवलं पाहिजे असं मी घरात सगळ्यांना स्पष्ट सांगितलं आहे. सुनील गावसकरांच्या चॅम्प्स फाउंडेशनने एप्रिल २०२५ पासून त्याला दरमहा ३० हजार रुपयांची मदत सुरू केली. ती बातमी आमच्या ग्रुपवर आली आणि त्याखाली एकही शब्द उमटला नाही.

विनोदबद्दल बोलायचंच आहे ना, तर वाद घालण्यासारखं किती पडलं आहे! कांजूरमार्गहून लोकलने दादरला शाळेत जाणाऱ्या या मुलाने फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिनबरोबर ६६४ धावांची भागीदारी केली, त्यात त्याच्या नाबाद ३४९ होत्या, सचिनपेक्षा जास्त. १९९३ मध्ये लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७. एकूण १७ कसोट्या, सरासरी ५४.२०. शेवटची कसोटी नोव्हेंबर १९९५ मध्ये कटकला, तेव्हा त्याचं वय होतं २३. वेस्ट इंडिजच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड चेंडूंवर त्याला अडचणीत आणलं हे खरं, पण तेवढ्यावरून चोपन्नच्या सरासरीचा डावखुरा फलंदाज कायमचा बाजूला व्हावा का? निवड समितीचं चुकलं, त्याचं स्वतःचं चुकलं, की त्या काळच्या मुंबई क्रिकेटला त्याला सांभाळून घेता आलं नाही? माझं मत आहे की तिसरं कारण सर्वांत मोठं. ते खोडून काढायचं असेल त्याने अणुशक्तीनगरच्या बस डेपोपाशी यावं, संध्याकाळी सातनंतर मी तिथे असतो.