हौसेचे कष्ट

आषाढात वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस स्थिरावला, म्हणजे भंडारा जिल्ह्यात रोवणीची धांदल सुरू होते. धानाच्या बांध्या पाण्याने भरतात, चिखलणी झालेल्या मातीत पाय घोट्याच्या वर रुततो, आणि पांदण रस्त्याने शेताकडे निघालेला सायकलस्वार थोड्या थोड्या अंतराने खाली उतरतो. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल गच्च बसला, की तो काडीने उकरून काढतो. आणि जेथे तेवढ्यानेही भागत नाही, तेथे सायकल खांद्यावर टाकून धुऱ्याने चालू लागतो. लाखांदूर, पवनी, साकोली, कोणत्याही तालुक्यात हे दृश्य दिसते, आणि ते पाहून कोणी टाळ्या वाजवीत नाही.

युरोपात सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, आठवड्यामागून आठवडे, माणसे हेच काम हौसेने करतात. त्या खेळास सायक्लोक्रॉस म्हणतात. शेत, कुरण, वाळू आणि उतरणी यांतून सुमारे अडीच ते साडेतीन किलोमीटरांची फेरी आखलेली असते. तिच्यात मुद्दाम आडव्या फळ्या उभ्या करतात. त्या 40 सेंटिमीटरांहून उंच नसाव्यात असा नियम आहे. फळी आली की स्वाराने चालत्या सायकलवरून उडी मारावी, सायकल उचलावी, धावत अडथळा ओलांडावा आणि पुन्हा धावता धावता सीटवर बसावे. चढ फारच निसरडा असेल, तर सायकल खांद्यावर घेऊन तो पायांनीच चढावा. नवशिक्यांची शर्यत अर्ध्या-पाऊण तासाची, तर नामांकितांची सुमारे तासाभराची असते. या खेळाचा पाया फ्रान्समध्ये दानिएल गुसो याने घातला, असे मानतात. तेथील पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1902 साली झाली. 1910 साली फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे बरेचसे श्रेय हिवाळ्यातील या चिखलास दिले, तेव्हा त्याची कीर्ती वाढली. 1950 साली पॅरिस येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. आज या खेळाचे खरे माहेर बेल्जियम हे समजले जाते.

जे स्पर्धक यावर पोट भरतात, त्यांच्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. त्यांचा तो धंदा आहे. विचार करावयाचा तो हौशी माणसाचा. हा मनुष्य आठवडाभर कचेरीत, शाळेत वा दुकानात काम करतो. पहाटेचा आणि रात्रीचा वेळ चोरून सराव करतो. रविवारी चाळीस-पन्नास जणांच्या घोळक्यात अगदी मागच्या ओळीत उभा राहतो. कारण पुढच्या जागा पूर्वीच्या शर्यतींत गुण मिळविणाऱ्यांच्या. इशारा होतो, आणि दोन-तीन मिनिटांतच पहिले दहा जण दिसेनासे होतात. पुढे पुढे तर अग्रणीच मागून येऊन याला गाठतो. मोठ्या स्पर्धांत जो फार मागे पडेल, त्यास अग्रणीने गाठण्यापूर्वीच मैदानाबाहेर काढण्याचा नियम आहे. म्हणजे शर्यत पुरी करण्याचे समाधानही प्रत्येकास लाभत नाही. नंतर थंडीने बधिर झालेल्या बोटांनी तो सायकल धुतो, कपडे पिशवीत कोंबतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर होतो. असे दहा-बारा रविवार गेले म्हणजे हंगाम संपतो. हाती काय आले म्हणून विचारावे, तर ऑक्टोबरात ज्या समवयस्काने त्याला मागे टाकले होते, त्याला जानेवारीत त्याने चार हातांनी मागे टाकले, एवढेच.

तर मग प्रश्न असा, की ज्याला जिंकण्याची आशा नाही, बक्षिसाची अपेक्षा नाही आणि कोणी करावयास लावलेले नाही, अशा मनुष्याने हे कष्ट का करावेत? आणि ज्या भूमीत हाच चिखल पोटासाठी तुडवावा लागतो, तेथील विचारी मनुष्याने या हौसेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

व्यायामाविषयी आपल्या समाजाचे मत प्रथमपासून अनुकूल आहे. गावोगावच्या तालमी आणि मारुतीची देवळे त्याची साक्ष देतात. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयातील आपले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यातच अधिक घालविले, ही गोष्ट त्यांचे चरित्रकार कौतुकाने सांगतात. परंतु त्या कौतुकाचे कारण पाहू गेल्यास ते असे दिसेल, की पुढील आयुष्यातील प्रचंड श्रम आणि कारावास सोसावयास ते शरीर उपयोगी पडले. उपयोग दिसला म्हणजे आपण कष्टांस मान देतो. शर्यतीचे तसे नाही. प्रकृती सुधारण्यापुरती सायकल चालवावयाची, तर मोकळ्या रस्त्याने रोज तासभर फिरणे पुरे आहे. त्यासाठी आडव्या फळ्या नकोत की पाठीवर क्रमांक नको. म्हणून आरोग्याची सबब पुढे करून या हौसेचे समर्थन करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरे कोणी म्हणतील, की फळाची आशा नसता कर्म करणारा हा हौशी स्पर्धक गीतेतील निष्काम कर्मयोगीच होय. हेही खरे नव्हे. त्याला फळ हवेच असते. सदतिसाव्याऐवजी छत्तिसावा क्रमांक मिळावा म्हणून तो जिवाचे रान करतो, आणि तो न मिळाल्यास दोन दिवस घरात नीट बोलत नाही. मात्र त्याच्या या फळाची एक विशेष जात आहे. ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे नाही, आणि लबाडीने मिळविल्यास त्याच्या स्वतःच्याही उपयोगाचे राहत नाही. 2016 साली बेल्जियममधील झोल्डर येथे भरलेल्या जागतिक स्पर्धेत एका तरुण स्पर्धकासाठी ठेवलेल्या सायकलीत लपविलेली मोटार सापडली, आणि तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. धंदेवाईक खेळाडूला अशा लबाडीने मान आणि पैसा मिळण्याचा संभव तरी असतो. छत्तिसाव्या क्रमांकासाठी झगडणाऱ्या हौशी माणसाने मोटार लपविली, तर त्याला काय मिळेल? ज्या एका गोष्टीसाठी तो आला, ती गोष्टच नाहीशी होईल. त्याला आपले खरे माप हवे असते. व्यवहारात आपल्या योग्यतेचे असे निर्भेळ माप फारसे कोठे मिळत नाही. ओळख, जात, पैसा, वय, वरिष्ठांची मर्जी, अशा नाना गोष्टी तराजूत येऊन बसतात. चिखलातील त्या पाऊण तासात त्या बऱ्याच अंशी बाजूस सरतात. मनुष्य आपल्याविषयी मनात बाळगून असलेली कल्पना आणि वस्तुस्थिती यांची गाठ तेथे पडते, आणि बहुधा कल्पनेसच माघार घ्यावी लागते. हा लाभ लहान म्हणता येणार नाही. आपण मधले आहोत हे ओळखूनही पुढच्या रविवारी उत्साहाने येणे, यास एक प्रकारचे शील लागते.

आपल्या भागातही ही वृत्ती अपरिचित नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 साली अमेरिका खंड ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरांची सायकल शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. भंडाऱ्यापासून साठएक किलोमीटरांवरील नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत संपविली. हे सर्व व्यवसायाने डॉक्टर. सायकलीवाचून त्यांचे काही अडले नव्हते.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळू. रोवणीला वाकलेल्या बाईची पाठ संध्याकाळी सरळ होत नाही. त्या बांधीच्या कडेने कोणी हौसेने चिखल तुडवीत जाणे, ही तिच्या कष्टांची थट्टा नव्हे काय? हा आक्षेप भावनेचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण हौशी खेळाचा इतिहासच त्याला पुष्टी देतो. इंग्लंडातील हेन्ली येथील नौका-शर्यतींच्या चालकांनी 1879 साली हौशी खेळाडूची व्याख्या ठरविली, तीत कारागीर आणि अंगमेहनतीचे काम करणारे मजूर यांना वगळले. म्हणजे जो पोटासाठी हात चालवितो, तो हौसेसाठी वल्हे मारण्यास अपात्र! जिम थॉर्प या अमेरिकेच्या आदिवासी खेळाडूने 1912 साली स्टॉकहोम येथे दोन सुवर्णपदके मिळविली. पूर्वी त्याने थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून 1913 साली ती काढून घेण्यात आली. 1982 साली, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनी, ती परत देण्याचा निर्णय झाला, आणि एकट्याचा पहिला क्रमांक मान्य होण्यास 2022 साल उजाडले. हौसेच्या पावित्र्याच्या नावाखाली गरिबास दाराबाहेर ठेवण्याचे काम पुष्कळ झाले आहे.

तथापि यावरून जो निष्कर्ष निघतो, तो हौस टाकून द्यावी असा नव्हे. हौसेचे कष्ट आणि गरजेचे कष्ट यांत जो भेद आहे, तो चिखलात नाही आणि घामातही नाही. तो 'पुरे' म्हणण्याच्या अधिकारात आहे. शर्यतीतला मनुष्य पाय दुखू लागताच बाजूस उभा राहू शकतो, आणि घरी त्याचे जेवण ठरलेले असते. रोवणीच्या बाईला तो अधिकार नाही. तिने हात थांबविला की त्या दिवसाची मजुरी थांबते. ज्याला हा भेद कळला, तो आपल्या हौसेस तपश्चर्या म्हणणार नाही. ज्याला तो कळला नाही, तो रविवारी तासभर चिखलात लोळून सोमवारी मजुराला आळशी म्हणावयास मोकळा राहतो. अशाची हौस त्याला काहीच शिकवून गेली नाही, असे समजावे.

या ठिकाणी आपल्याच जिल्ह्यातील एक जुनी हौस आठवते. झाडीपट्टीत शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, मोठी परंपरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी अशा शर्यतींस मनाई केली; पुढे महाराष्ट्राने 2017 साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. या वादात शेतकऱ्याचे आपल्या जोडीवरील प्रेम, तिच्यासाठी केलेला खर्च, जत्रेचा आनंद, या सर्व गोष्टी खऱ्या होत्या. तरीही न्यायालयापुढे वर्षानुवर्षे जो प्रश्न उभा राहिला, त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती: हौस माणसाची, आणि धाप लागते ती बैलाला. कायद्याने त्याला अटींचे उत्तर दिले. परंतु नीतीच्या दृष्टीने तो प्रश्न प्रत्येक हौसेस विचारण्यासारखा आहे. हौस कोणाची, आणि तिची किंमत कोण देतो?

सायकलच्या शर्यतीत स्वार आणि बैल एकच असतात, म्हणून ती या प्रश्नातून सहज सुटेल असे वाटते. पण ती तितकी सहज सुटत नाही. हंगामातील ते दहा-बारा रविवार कोणाचे तरी असतात. सकाळी लवकर निघून तिसऱ्या प्रहरी थकून परतणाऱ्या गृहस्थाच्या घरी त्या दिवशी मुलांचा अभ्यास कोणी घेतला, आजारी वडिलांजवळ कोण बसले, चिखलाचे कपडे कोणी धुतले, याचा जमाखर्च शर्यतीच्या निकालपत्रात छापत नाहीत. स्वतःच्या अंगावर वळ उठविणारा मनुष्य आपण कोणाचेच काही घेत नाही अशा समजुतीत राहतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांत पुरुषाच्या हौसेस कौतुक आणि स्त्रीच्या हौसेस फुरसत, असा जो भेद चालत आला आहे, तो येथे विशेष जाणवतो. पतीच्या बारा रविवारांबद्दल पत्नीस तिच्या आवडीचे बारा रविवार मिळतात काय, हा हिशेब करून पाहिला, तर अनेक उदात्त हौसांचा रंग थोडा उतरेल.

तेव्हा निरुपयोगी असणे हा हौसेचा दोष नव्हे, आणि मागे राहणे ही तिची लाज नव्हे. ज्या कामाचा कोणाला उपयोग नाही, ते मनुष्याने मनापासून आणि नियमाने करावे, यात त्याच्या स्वातंत्र्याची खूण आहे. पोटाच्या पलीकडे काही उरले, तरच मनुष्य खेळतो. मात्र ते उरलेले आपलेच आहे, दुसऱ्याच्या वाट्यातून काढून घेतलेले नाही, याची खात्री त्याने केली पाहिजे. ज्याने आपल्या घामाची किंमत आपणच दिली, घरच्यांचे देणे वेळेवर फेडले, आणि ज्यांना 'पुरे' म्हणता येत नाही त्यांच्याविषयी ज्याच्या मनात अधिक आदर उत्पन्न झाला, त्याने छत्तिसाव्या क्रमांकासाठी खुशाल धावावे. तो क्रमांक त्याला मिळाला, तर त्याचा आनंद खरा आहे. आणि न मिळाला, तर पुढच्या रविवारपर्यंत टिकणारे त्याचे दुःखही खरे आहे.