दुःखाचा अर्थ कोणी सांगावा?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ख्रिस्ती भक्तिगीतांची मोठी लाट उठली. सभेला जमलेल्या सामान्य माणसांना चटकन गाता यावी, अशी त्यांची सोपी शब्दकळा असे. आणि आपल्या कीर्तनात श्रोते ध्रुपद उचलून धरतात, तसे तेथील श्रोतेही धरीत. या गीतकारांचा धर्म आमचा नव्हे. परंतु त्यांच्यापैकी दोघांच्या चरित्रांतून उभा राहणारा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही.

होरेशिओ स्पॅफर्ड हा शिकागोतील वकील. १८७१ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले. पुढे २२ नोव्हेंबर १८७३ रोजी, त्याची पत्नी अ‍ॅना व चार मुली ज्या जहाजातून युरोपला निघाल्या होत्या, ते अटलांटिक महासागरात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन काही मिनिटांत बुडाले. चारही मुली गेल्या. आपण एकटीच वाचल्याचे अ‍ॅनाने तारेने कळविले. या शोकातून स्पॅफर्डने जे गीत रचले, त्यात आक्रोश नाही. आपला जीव ईश्वराच्या ठायी स्वस्थ आहे, असेच तो सांगतो. १८७६ साली फिलिप ब्लिसने त्याला चाल लावली व तिला त्या बुडालेल्या जहाजाचेच नाव दिले.

दुसरी फॅनी क्रॉस्बी (१८२०–१९१५). अर्भकावस्थेत एका वैद्य म्हणविणाऱ्या माणसाच्या चुकीच्या उपचाराने आपली दृष्टी गेली, असे ती मानी. तिने आठ हजारांहून अधिक गीते रचली. आणि त्या माणसाविषयी मनात राग नाही, उलट अंधत्व हा ईश्वरी योजनेचाच भाग होय, असे ती म्हणत असे.

येथे वाचक विचारील, ही आत्मवंचना तर नव्हे? आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने किंमत मोजली, त्यानेच त्या दुःखाला अर्थ दिला आहे. त्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार आपणांस नाही. परंतु याचीच दुसरी बाजू विसरता कामा नये. क्रॉस्बीने क्षमा केली म्हणून त्या अडाणी उपचाराचा दोष पुसला जात नाही. आणि तो उपचार करणारा स्वतःच ‘ईश्वराची योजना’ म्हणू लागला असता, तर ते शब्द किळसवाणे झाले असते.

स्पॅफर्डला याचा अनुभव आलाच. १८८० साली त्याचा लहान मुलगा तापाने दगावला. तेव्हा त्याच्या परिचयाच्या धर्मनिष्ठांपैकी काहींनी या साऱ्या आपत्तींना ईश्वरी शासन ठरविले. पुढल्याच वर्षी ते कुटुंब जेरुसलेमला निघून गेले. ईश्वर तोच, दुःखही तेच; पित्याच्या मुखी ते गीत झाले, शेजाऱ्याच्या मुखी तोच निवाडा झाला.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मराठीत ख्रिस्ती भक्तिगीते रचणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबांचे ऋण मानले, ते उगाच नव्हे. दुष्काळाने पत्नी व पुत्र नेले, धंदा बुडाला, आणि तुकोबांनी ते दिवाळेही बरेच झाले असे देवाला सांगितले. पण हेच वाक्य एखाद्या सावकाराने त्यांच्या दारात उभे राहून उच्चारले असते तर?

आपणही दुखवट्याच्या घरी जाऊन ‘पूर्वकर्म’, ‘प्रारब्ध’ असे शब्द किती सहज उच्चारतो! कर्मसिद्धांत असो की गीतेतील समत्व, ती स्वतःच्या जीवाला लावावयाची कसोटी आहे. दुसऱ्याच्या जखमेवर मारावयाचा शिक्का नव्हे. शोकाकुल माणसाने स्वतः ध्रुपद उचलले, तर आपण खुशाल साथ द्यावी. तोवर त्याच्या घरची चूल पेटेल असे पाहावे, त्याच्याजवळ बसावे आणि बोलू लागला तर ऐकावे.