संगनमताने ठरविलेला भाव

आपला माल कोणत्या भावाने विकावा हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक मनुष्यास आहे. मग दहा विक्रेत्यांनी एकत्र बसून एकच भाव ठरविला, तर त्यात पाप ते कोणते? माप खोटे नाही, मालात भेसळ नाही, आणि घेण्याची बळजबरीही कोणावर नाही. हा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील विचारी माणसांनी करावा हे योग्यच आहे. कारण ज्या सिमेंटाच्या व्यापारावरून तो देशापुढे आला, ते सिमेंट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील चुनखडीपासूनही होते.

घुग्घुस, आवारपूर, उपरवाही व गडचांदूर येथील कारखान्यांची धुराडी पुष्कळ वाचकांनी पाहिली असतील. 2012 च्या जून महिन्यात भारतीय स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांस 6,000 कोटी रुपयांहून अधिक दंड केला. त्या अकरांत एसीसी, अल्ट्राटेक, अंबुजा व सेंच्युरी ह्या होत्या, आणि वरील चार ठिकाणचे कारखाने त्या वेळी ह्याच चौघींचे होते. तक्रार बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेची होती. आयोगाचे म्हणणे असे की, कंपन्या आपल्या संघाच्या सभांत भावाची माहिती एकमेकींस देत, आणि कारखान्यांत शक्ती असताही माल कमी काढून भाव चढता ठेवीत. करारपत्र कोठे सापडले नव्हते. सभा, उत्पादनाचे आकडे व भावाची एकसारखी चाल ह्यांवरून हे अनुमान काढले होते. कंपन्यांनी आरोप नाकारला. 2015 साली सुनावणीतील दोषामुळे तो निकाल रद्द झाला. 2016 साली आयोगाने फिरून दंड केला. 2018 साली अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला, व त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांची अपिले दाखल करून घेऊन दंडाचा दहावा भाग भरावयास सांगितले. कोणा कंपनीचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. आम्ही केवळ मूळ प्रश्नाचा विचार करितो.

गरीब गिऱ्हाइकाच्या अंगी बळ एकच असते: एका दुकानी भाव पटला नाही, तर दुसऱ्या दुकानी जाणे. दुसरे दुकान हाच त्याचा पंच. संगनमत करणारे त्याच्या हातून काही हिसकावीत नाहीत. ते त्या पंचालाच फितवितात. बिचारा दहा दारे फिरतो, दहा ठिकाणी एकच भाव ऐकतो, आणि बाजारच असा आहे असे समजून पैसे मोजतो. म्हणून हे कृत्य खोट्या तराजूचे सख्खे भावंड होय. 2010 साली इंदिरा आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरकुलास 45,000 रुपये मिळत. रक्कम बांधलेली, पोत्यामागे भाव चढला की गिलावा राहून जाई, नाहीतर सावकाराचे दार धरावे लागे.

शास्त्रही ह्याविषयी मुके नाही. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात धान्य अडवून ठेवणाऱ्यास लोकांचा शाप लागतो असे सांगितले आहे. माल असून तो कमी काढणे ह्याहून वेगळे काय? हनन्याची बायको सप्पीरा हिला पेत्राने विचारले तेही दोघांनी मिळून केलेल्या एकोप्याविषयीच होते. एकमत हे पुण्य खरे, परंतु ते कशासाठी झाले हे आधी पाहिले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, “मग रोवणीच्या दिवसांत मजूर बाया मिळून मजुरी ठरवितात, तेही पाप काय?” आम्हांस तसे वाटत नाही. त्या आपली मागणी शेतकऱ्याच्या तोंडावर उघड सांगतात, आणि चिरडले जाऊ नये म्हणून एकत्र होतात. बलवानांचे संगनमत गुप्त असते, कारण ते गिऱ्हाइकास कळले तर निष्फळ होते. जो करार दुसऱ्या पक्षासमोर बोलून दाखविता येत नाही, त्याची शंका धरावी.

अशा व्यवहारावर सरकारने डोळा ठेवावा हे न्याय्यच आहे. एकट्या खेडुताने इतक्या मोठ्या कंपन्यांचे हिशेब कोठून तपासावे? 2002 च्या स्पर्धा अधिनियमात आणखी एक तरतूद आहे: संगनमतातील जो प्रथम पुढे येऊन सर्व सत्य सांगेल, त्यास दंड माफ होऊ शकतो. पापकबुलीचे मोल कायद्यासही कळले आहे. तरी कायद्याचा हात एका ठिकाणी थांबतो. दंडाचा पैसा खजिन्यात जातो. महाग पोते घेतलेल्या विधवेच्या घरी तो आपोआप परत येत नाही. जक्कयाने मात्र ज्याचे घेतले त्यालाच चौपट परत करण्याचे ठरविले.

आपल्या मंडळ्यांतही कोणाची वीटभट्टी आहे, कोणाचा ट्रॅक्टर रेती-मुरूम वाहतो. गावात तीनच ट्रॅक्टर असले व तिघांनी रात्री पारावर बसून खेपेचा दर वाढविला, तर त्यास आयोग नोटीस पाठविणार नाही. तेथे आयोगाचे काम विवेकबुद्धीने केले पाहिजे. उपदेशक बंधूंनी हा विषय मंडळीपुढे मांडावा, आणि ज्याचा व्यापार आहे त्याने आपला दर एकट्यानेच, देवासमोर ठरवावा.